फास्टर फेणे कुणाला द्यायचा?

गेल्या वर्षी दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी माळा रिकामा करायला घेतला. चिखलीतल्या आमच्या घराचा माळा म्हणजे आमचा अख्खा संसार. शेजारच्या मुलानं शिडी लावून एकेक वस्तू खाली दिली. पितळी बंब, मोडका पाळणा, सासूबाईंच्या हातची वाकळ, सुतळीनं बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि सगळ्यात मागून एक हिरवी पत्र्याची ट्रंक. भंगारवाला दारात काटा घेऊन उभाच होता. ट्रंकेचं झाकण उघडल्यावर तो वाकून म्हणाला, "मॅडम, पुस्तकं बी देता का? पुठ्ठा येगळा लावतो, कागद येगळा."

सगळ्यात वर 'फास्टर फेणे' होता. वरचं कव्हर केव्हाच गेलेलं. पाठीला खळ लावून कापडाची पट्टी चिकटवलेली, ती माझ्याच हातची. मधल्या एका पानात एस.टी.चं जुनं तिकीट होतं, कंडक्टरनं चिमट्यानं भोकं पाडलेलं, आता चहाच्या रंगाचं झालेलं. खामगावहून येताना लेकीनं ते खुणेला घातलं असणार. पुस्तक घेतल्या घेतल्या ती गाडीतच वाचायला बसली होती आणि घाट चढताना तिला मळमळायला लागलं होतं, तरी पुस्तक मिटलं नव्हतं. ती आज सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि पुण्यात असते.

बंब दिला, पाळणाही दिला. ट्रंक मात्र परत आत आणली. यांनी नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "नवीन घरात माळा नाही, एवढं लक्षात ठेव."

खरं आहे. आम्ही घर कमी करायचं ठरवलंय. हा लेख त्याबद्दल आहे आणि त्या ट्रंकेबद्दलही. वर्षभरात ह्या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींपासून वेगळ्या करता आल्या नाहीत.

आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि धान्याची खोली, वर दोन खोल्या, मागं परस, त्यात कडुनिंब आणि बोअर. एके काळी इथं नऊ माणसं जेवायला बसायची. आता आम्ही दोघं. वरच्या खोल्या उघडून किती महिने झाले ते सांगता येत नाही, कारण माझ्या गुडघ्यांना जिना चढवत नाही आणि यांच्या डोळ्यांना पायरी दिसत नाही. थोरली पुण्यात, धाकटा बंगळुरूत. दिवाळीला येतात, चार दिवस घर भरतं, भाऊबीज झाली की बॅगा भरल्या जातात. मग मी दोन दिवस वरच्या पांघरुणांच्या घड्या घालत बसते.

ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोक सहज बोलण्यात करतात, घाटावर आणि घाटाखाली. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर; तिकडं मुंबई-हावड्याची रेल्वे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा; इकडं रूळच नाहीत. जिल्ह्याच्या मुख्य गावाला आजही रेल्वे नाही. खामगाव ते जालना रेल्वेची मागणी आमच्या आजोबांनी ऐकली होती, आम्हीही ऐकतोय. शिकलेलं पोर त्यामुळं घाट उतरून मलकापूर किंवा शेगावला गाडीत बसलं, ते बसलंच. आता मेहकर आणि सिंदखेड राजावरून समृद्धी महामार्ग गेलाय. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंत पुरा झाला. मुलं लवकर पोहोचतात, पण लवकर परतही जातात. घाटावरच्या कुठल्याही जुन्या गल्लीत संध्याकाळी फिरा. मोठ्या दाराच्या घरात एकच दिवा लागलेला असतो, बहुतेक स्वयंपाकघरातला.

तर आम्ही बुलढाण्यात तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा बघितली. दवाखाने जवळ, हवा बरी, जिना नाही. मुलांना आवडली. यांनाही आवडली. माझं मन मात्र ट्रंकेपाशी अडलं.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, स्वीडनमध्ये यावर पुस्तकच आहे." खरंच आहे. मार्गारेटा मॅग्नुसन नावाच्या एका वृद्ध चित्रकर्तीचं ते पुस्तक २०१७ मध्ये जगभर गाजलं. आपल्यामागं मुलांना आवराआवर करायला लागू नये म्हणून म्हातारपणी आपणच आपलं सामान कमी करत जायचं, या रीतीला तिथल्या भाषेत 'डोस्टेडनिंग' असा शब्दच आहे. बाईंचा सल्ला असा, की सुरुवात फोटो आणि पत्रांपासून करू नका, हात तिथंच थांबतो. आधी मोठ्या वस्तू काढा. मला सल्ला पटला. बंब, पाळणा, सोफा, दोन लोखंडी कॉट, सहा मोठी पातेली, सगळं गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं नाही. फक्त त्या यादीत मी एक भर घालीन. मुलांची पुस्तकंही शेवटी काढा, आणि काढाल तेव्हा आधी वाचा.

मी वाचली. ठेवायचं का द्यायचं ते ठरवायला म्हणून रोज दुपारी ओसरीवर एक पुस्तक घेऊन बसायचं ठरवलं. पहिल्या दिवशी अर्धा तास बसायचं होतं. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि चहा राहून गेला होता.

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा. शिकायला पुण्याला विद्याभवनात. हडकुळा, सायकलवर स्वार, काही नवल घडलं की 'ट्टॉक' करणारा. शिक्षिका असताना मी वर्गात फेणे वाचून दाखवायचे, तेव्हा मुलांच्या तोंडाकडं लक्ष असायचं. आता पहिल्यांदाच पुस्तकाकडं लक्ष गेलं. हा मुलगा घर सोडून आलाय, हे मला इतक्या वर्षांत जाणवलंच नव्हतं. त्याच्याजवळ सामान म्हणावं असं काही नाही. सायकल आहे, दोस्त आहेत, आणि कुठंही गेलं की तिथला होऊन जायची तयारी आहे. मी पुस्तक मांडीवर ठेवून कडुनिंबाकडं बघत बसले. घर सोडायच्या विचारानं महिनाभर झोप उडालेल्या बाईला एका शाळकरी पोरानं धीर द्यावा, हे मी कुणाला सांगितलं नाही. आज इथं लिहितेय.

दुसऱ्या दिवशी प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' काढला. त्यातला लंपन आईवडिलांपासून दूर आजीआजोबांकडं येऊन राहिलाय. मग 'हॅरी पॉटर'चा मराठी पहिला भाग, नातवासाठी घेतलेला, त्यानं इंग्रजीतून वाचला म्हणून कोराच राहिलेला. त्या पोराची तर सुरुवातीची खोली म्हणजे जिन्याखालचं कपाट. मग 'तोत्तोचान', चेतना सरदेशमुख गोसावींच्या अनुवादातली. त्या मुलीची शाळा आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरते. आठवडा संपेपर्यंत मी वहीच्या मागच्या पानावर एक यादी केली होती. कोण कुठून निघालं, सोबत काय नेलं, मागं काय ठेवलं. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात शाळकरी वयाचं कुणीतरी ओळखीची जागा सोडत होतं आणि नव्या लहान जागेत स्वतःचा कोपरा शोधत होतं.

हे वय आणि आपलं वय यांत जो सांधा आहे तो इथं आहे. मधल्या चाळीस वर्षांच्या कादंबऱ्यांत माणसं घर बांधतात, मिळवतात, भांडतात, वाटण्या करतात. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताना पोटात काय होतं ते कुमारांसाठी लिहिणारे लेखकच नीट सांगतात, कारण त्यांच्या वाचकाला ते लवकरच करायचं असतं. आम्हालाही.

आणि मग 'श्यामची आई'. याच्यावर मी जरा थांबणार आहे.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, अवघ्या काही दिवसांत. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. आमच्या मलकापूरला लागून खानदेश. तिथल्या अमळनेरच्या शाळेत त्यांनी मुलांना शिकवलेलं होतं, वसतिगृह सांभाळलेलं होतं. ४२ रात्री सांगितलेल्या या गोष्टी मी सदतीस वर्षं वर्गात शिकवल्या. ओल्या पायाला घाण लागू नये म्हणून आईच्या ओच्यावर पाऊल ठेवणारा श्याम, पोहायला घाबरून लपणारा श्याम, सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण त्यात 'पर्णकुटी' नावाचं एक प्रकरण आहे. ते मी शिकवलं असेन, तरी माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

श्यामचं घराणं मोठं, मान असलेलं. मग कर्ज, भाऊबंदकी, वेगळं निघणं. श्यामची आई आपल्या माहेरच्या माणसांच्या आसऱ्याला राहते आणि तिथं नवऱ्याचा अपमान होताना बघते. तेव्हा ती म्हणते की दुसऱ्याच्या मोठ्या घरात राहण्यापेक्षा आपली स्वतःची झोपडी बरी. त्यासाठी अंगावरचे दागिने विकायला काढते. मातीच्या भिंतींचं लहानसं घर उभं राहतं आणि ती त्याच्याकडं कशी बघते, ते गुरुजींनी लिहिलंय.

आपण या पुस्तकाला संस्काराचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवतो. त्या दुपारी मला ते घर कमी करण्याचं पुस्तक वाटलं. मोठ्या घरातून लहान घरात जाताना माणसाला काय सलतं? जागा नव्हे. माझंच सांगते. घर विकतोय म्हटल्यावर एक मध्यस्थ आला होता. ओसरीवर चहा प्यायला आणि भिंतीला हात लावून म्हणाला, "बांधकामाचे पैसे काही धरायचे नाहीत काकू, हे पाडायचंच आहे. फक्त जागेचा भाव बोला." तो त्याच्या धंद्याचं बोलला. पण सासऱ्यांनी ज्या भिंतीचा एकेक थर उभा राहताना बघितला ती शून्य किमतीची झाली, हे ऐकून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. लहान घरात जाणं म्हणजे आपण लहान होणं, असं आपल्या मनात बसलेलं असतं. गल्लीतल्या बायका विचारतात, "काय वहिनी, पोरांनी ठेवून घेतलं नाही काय?" श्यामची आई या सगळ्याचं उत्तर नव्वद वर्षांपूर्वी देऊन बसली आहे. तिच्या दृष्टीनं मोठं घर आणि मान या दोन गोष्टींचा संबंध नाही. घर आपलं असणं आणि मान यांचा आहे. चौदा वर्षांच्या वाचकाला हे कळावं अशी गुरुजींची अपेक्षा होती. मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

म्हाताऱ्यांनी मुलांची पुस्तकं वाचावीत का, असं मला एका ओळखीच्या निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं. त्यांचा सूर काळजीचा होता, चेष्टेचा नव्हता. त्यांना वाटत होतं की मी मागं जातेय. अमेरिकेत २०१२ मध्ये पुस्तकविक्रीची पाहणी करणाऱ्या बाउकर या संस्थेला आढळलं होतं की बारा ते सतरा वयासाठी छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा वर्षांवरचे होते, आणि त्यांतले बहुतेक स्वतः वाचायला घेत होते. कॅथरिन रंडेल या इंग्रज लेखिकेनं तर मोठ्यांनी मुलांची पुस्तकं का वाचावीत यावर २०१९ मध्ये एक छोटं पुस्तकच लिहिलं. पण मला आपल्याकडचाच दाखला जास्त मोलाचा वाटतो. ही पुस्तकं लिहिली कुणी ते बघा. भागवत १९१० चे. १९६२ च्या चीन युद्धाच्या पार्श्वभूमीवर 'जवानमर्द फास्टर फेणे' लिहिली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. त्याआधी १९५१ मध्ये त्यांनी मुलांसाठी 'बालमित्र' मासिक सुरू केलं होतं. प्रकाश नारायण संत कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. लंपनच्या गोष्टी त्यांनी तरुणपणी लिहायला घेतल्या, मग कित्येक वर्षं थांबले, आणि 'वनवास' हे पुस्तक आलं १९९४ मध्ये, त्यांच्या वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. नंतर 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. २००३ मध्ये ते गेले. आयुष्यभर दगडांचे थर वाचणाऱ्या माणसानं उतारवयात आपल्या आतला दहा-अकरा वर्षांचा थर इतका स्वच्छ उघडून दाखवला. याला मागं जाणं म्हणता येत नाही.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, शिरोडकर. २००४ मध्ये आली तेव्हा आमच्या शिक्षक खोलीत तिच्यावर वाद झाला होता आणि मी विरोधातल्या बाजूला होते. मुलांच्या हातात देऊ नये असं माझं मत होतं. माझं चुकलं होतं. ज्या मुलांना आम्ही वर्गात बघत होतो त्यांच्या मनात काय चाललंय हे त्या पुस्तकाला माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

या वर्षभरात घर कमी करणारी किंवा करू पाहणारी बरीच माणसं भेटली. खामगावच्या एका जोडप्यानं तीन मजली घर विकून त्याच गावात लहान फ्लॅट घेतला. गाव सोडायचं नाही हा त्यांचा एकच हट्ट होता, आणि तो मला शहाणपणाचा वाटला. भाजीवाली ओळखीची, डॉक्टर ओळखीचा, सकाळी फिरायला जाणारा घोळका तोच. मेहकरच्या एका बाईंनी उलटं केलं. घर मुलाच्या नावावर करून दिलं आणि त्याच्याकडं राहायला गेल्या. आता पुन्हा मेहकरला भाड्याच्या खोलीत आहेत. त्या फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कागद वाचला नाही हो मी. पोराचाच कागद, काय वाचायचा?"

म्हणून कागदाचं थोडं सांगते, कारण आपल्या वयाच्या माणसांना ते कुणी बसून सांगत नाही. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती नवऱ्याला, बायकोला, मुलांना, नातवंडांना बक्षीसपत्रानं द्यायची तर २०१५ पासून मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार निराळा. इतकं स्वस्त आहे म्हणून लोक पटकन सही करतात. पण २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. 'सांभाळ करीन' या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मागता येते. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण असतं, वकिलाची गरज नसते. २ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईला तिची मालमत्ता अशीच परत देवविली. तरी सांभाळाची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्या, वेगळ्या चिठ्ठीवर नको. आणि घर विकणार असाल तर नफ्यावरच्या कराचा हिशेब आधी करा. दोन वर्षांच्या आत दुसरं राहतं घर घेतलं तर तेवढ्या रकमेवरचा कर वाचतो. आमच्या यांनी हे सगळं एका शंभर पानी वहीत लिहून ठेवलंय. गल्लीतले चार जण ती वही नेऊन वाचून गेले.

आता ट्रंकेतल्या पुस्तकांचं.

मुलीला विचारलं, पाठवू का? ती म्हणाली, "आई, माझ्याकडं जागा कुठं आहे? आणि तुझा नातू मराठी वाचताना अडखळतो." ती कठोर बोलली नाही, खरं बोलली. आपण ही पुस्तकं नातवंडांसाठी म्हणून ठेवतो, आणि नातवंडं ती वाचणार नसतात. वाळवी आणि कसर मात्र वाचते. माझ्या ट्रंकेत तळाची चार पुस्तकं अशी गेली. उचलली तर हातात पीठ आलं. त्यात मला बक्षीस मिळालेली नाथमाधवांची 'वीरधवल' होती. डांबरगोळ्या घातल्या म्हणजे पुस्तकं सांभाळली, असं मी इतकी वर्षं समजत होते.

'किशोर'चे अंक देताना जड गेलं नाही. बालभारतीचं हे मासिक १४ नोव्हेंबर १९७१ ला सुरू झालं आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर, मोबाइलवर फुकट वाचता येतात. जे असं राहिलंय त्यासाठी आपल्या दोन खोल्यांतली जागा अडवायचं कारण नाही. दिवाळी अंकांचंही तसंच. 'मनोरंजन' मासिकानं १९०९ मध्ये ही प्रथा सुरू केल्यापासून घरोघरी गठ्ठे साठत आले आहेत. मी प्रत्येक अंकातला हवा तो लेख फाडून एक फाइल केली आणि बाकी सोडलं.

फेणे, रोहन प्रकाशनाच्या अशोक जैनांनी अनुवादलेल्या गुप्तहेर फेलूदाच्या गोष्टी, भारत सासण्यांची 'समशेर आणि भूतबंगला' ही २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेली कुमार कादंबरी, जी मी याच वर्षी नवीन घेतली, ही द्यायची कुठं? आधी एका वाचनालयात गेले. गावाचं नाव लिहीत नाही. कर्मचारी सज्जन होता, मानधन अगदी तुटपुंजं. बालविभाग म्हणून एक काचेचं कपाट, त्याला कुलूप. आत थोर पुरुषांची चरित्रं एकसारख्या बांधणीत, पानं न कापलेली. मी म्हटलं, चावी? तो म्हणाला, "बाई, पोरं येतात कुठं? आली तर स्पर्धा परीक्षेचं मागतात." १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं आपली वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोजली जातात, त्यात पुस्तकांची संख्या मोजतात. तेरा वर्षांच्या किती मुलांनी पुस्तक घरी नेलं, हे पहिल्यांदा मोजायला हवं.

आपल्याच जिल्ह्यात हे वेगळं करून दाखवणारा माणूस होऊन गेला. नरेंद्र लांजेवार बुलढाण्याच्या भारत विद्यालयात ग्रंथपाल होते. मुलांच्या हातात पुस्तक पडावं, त्यांनी लिहावं, लेखकांशी बोलावं यासाठी ते सतत धडपडत राहिले. २०२२ मध्ये ते गेले. ग्रंथपाल म्हणजे कुलपाची चावी सांभाळणारा नव्हे, हे त्यांच्यामुळं आमच्या भागातल्या शिक्षकांना समजलं. अशा माणसाच्या जिल्ह्यात काचेच्या कपाटाला कुलूप असावं याचं मला फार वाईट वाटतं.

मग मी शाळेकडं वळले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलं पाहिजे आणि त्यात गोष्टींची पुस्तकंसुद्धा असली पाहिजेत. पहिली ते चौथीसाठी रंगीत पातळ पुस्तकं आता बऱ्याच शाळांत दिसतात. सहावी ते नववीच्या मुलांना वाचायला मात्र फार थोडं असतं. नेमकं याच वयात मूल पुस्तकं वाचायला लागतं नाही तर कायमचं सोडतं.

देण्याआधी एक गोष्ट घडली. गल्लीच्या कोपऱ्यावर राहणारी एक मुलगी, आठवीतली, आई शिवणकाम करते, ब्लाउज द्यायला म्हणून आली. ट्रंक उघडी होती. ओट्याच्या पायरीवर बसून तिनं फेलूदा उघडला. ओळीखाली बोट ठेवून वाचत होती, ओठ हलत होते. चौथ्या-पाचव्या पानानंतर बोट सुटलं. ओठ थांबले. ऊन सरकत तिच्या पायावर आलं, तिनं पाय आत घेतले, पान उलटलं. मी आत जाऊन भाकरी टाकून आले तरी ती तिथंच. मग एकदम मान वर करून म्हणाली, "आजी, चारमिनार म्हणजे काय? हा सारखा ओढतो ती." मी सांगितलं. ती म्हणाली, "चांगला आहे, पण ते सोडायला पाहिजे त्यानं." आणि पुन्हा वाचायला लागली. जाताना विचारलं, "याचा पुढचा आहे का?"

तीन आठवड्यांत तिनं सात पुस्तकं नेली आणि आणली. आता तिच्या दोन मैत्रिणीही येतात. 'शाळा' मी तिला अजून दिलेली नाही. नववीत गेली की देणार आहे, आणि या वेळी तिच्या आईला आधी सांगून देणार आहे.

बुलढाण्याच्या जागेचा व्यवहार मार्गी लागलाय. गुढीपाडव्याला जाऊ. जुन्या घराचा करारनामा झाला. घेणारा ते पाडणार आहे, हे मला माहीत आहे. कडुनिंब तेवढा ठेवा असं मी म्हटलं, तो बघू म्हणाला. नव्या घरात माझ्या पलंगाशेजारच्या भिंतीला एकच फळी लावून घेतली आहे, दोन फूट लांब. तिच्यावर एकवीस पुस्तकं मावतात, मी मोजून बघितलं. 'श्यामची आई' आणि लंपनची चार पुस्तकं त्यावर राहतील. फेणे मी शाळेला देतेय, ते एस.टी.चं तिकीट आतच ठेवून.

तुमच्याही माळ्यावर अशी ट्रंक असेल. या दिवाळीत ती खाली काढा. आधी स्वतः वाचा, निदान दोन-तीन तरी. मग तुमच्या जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा आणि विचारा की सहावी ते नववीच्या मुलांना घरी न्यायला पुस्तकं देता का. कुलूप लावणार असतील तर देऊ नका, दुसरी शाळा बघा. देणार असतील तर पुस्तकांची यादी दोन प्रतींत करा, फाटलेल्या पाठी खळीनं चिकटवा आणि दुपारच्या सुट्टीत स्वतः घेऊन जा.